रोवणीसाठी निवडलेला वर्ग

२ ऑगस्ट २००६. सकाळी पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, उपटून पेंढ्या बांधून झाल्या होत्या आणि आम्ही आठ बायका धुऱ्यांनी, म्हणजे बांधांनी, वेढलेल्या मोठ्या बांधीत रोवणीला उतरत होतो. धानोऱ्याजवळचं माझं माहेर, भावाचं धानाचं शेत. मी चंद्रपूरला एका कार्यालयात टायपिस्ट. दर वर्षी रोवणीला रजा काढून येते.

वहिनी सगळ्यांसमोर म्हणाली, "बाई, तुमी धुऱ्यावर बसा. चहा ठेवा. मागच्या सालासारखं झालं तं?"

मागच्या साली मी कोंडली गेले होते. रोवणीत प्रत्येकीची आपली पात, म्हणजे रोवायचा पट्टा, असते आणि सगळ्या वाकून मागं मागं सरकतात. एखादी रेंगाळली की तिच्या दोन्ही बाजूच्या बायका पुढे निघून जातात आणि तिच्या पाठीमागची जागाही रोवून टाकतात. मग ती चारी बाजूंनी रोपांत अडकते. बाहेर पडायचं तर आपल्याच हातानं लावलेलं तुडवावं लागतं. सगळं शेत हसतं. मी दहा मिनिटं कंबर धरून उभी राहिले होते, तेवढ्यात कोंडली गेले. वहिनीनं हात धरून बाहेर काढलं आणि चहाला बसवलं. पुढचे तीन दिवस मी चहाच केला.

वीस वर्षं खुर्चीवर बसून काम केल्याचा हा परिणाम होता. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, नाहीतर वाकणं विसरा. वाकणं विसरायची माझी तयारी नव्हती, म्हणून मार्चमध्ये मी व्यायामाची जागा शोधायला निघाले.

चंद्रपुरात माझ्या घरापासून चालत जाण्यासारख्या दोनच जागा होत्या. मी दोन्हीकडे एकच गोष्ट विचारायची ठरवली: ऑगस्टमध्ये मला दिवसभर वाकून मागं सरकायचं आहे, ते तुमच्याकडे जमेल का?

पहिली नवी जिम. एसी, भिंतभर आरसे, मोठ्यानं गाणी. शिकवणाऱ्यानं मला थेट चालायच्या पट्ट्यावर उभं केलं.

"मॅडम, आधी वजन कमी करा लागते. मंग कंबर आपोआप ठीक होते."

"हा पट्टा उलटा चालतो का?"

"उलटा काऊन पाहिजे तुमाले?"

मी सांगितलं. तो हसून हसून पट्टा बंद करायला विसरला. मी स्वतःच बटण दाबून उतरले. बरं, बायकांची वेळ दुपारी बारा ते चार. त्या वेळात माझं कार्यालय.

दुसरी जागा एका दवाखान्याच्या वरची खोली. बारा चटया, एक पंखा. चालवणाऱ्या बाई फिजिओथेरपिस्ट होत्या. पुण्याहून शिकून आलेल्या. पिलाटेस नावाचे चटईवरचे व्यायाम सकाळी सहाला घेत. यंत्र एकही नाही. मला वाटलं, इथं काय होणार!

माझा प्रश्न ऐकून त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "करून दाखवा."

मी पदर खोचला, वाकले आणि नसलेली रोपं लावत मागं सरकू लागले. रोवताना मागं कुणी बघत नाही, मागं नुसता चिखल असतो. इथं चटईवर एक बँकेतल्या मॅडम डोळे मिटून पडल्या होत्या. मी सरळ त्यांच्या पोटावर बसले.

"अहो! कोण आहे?"

सगळी खोली हसली. बाई तेवढ्या माझ्या पाठीकडे बघत होत्या. "परत करा," त्या म्हणाल्या. "तुम्ही कंबरेत मोडताय. खुब्यातून वाका, पाठ सरळ. आणि श्वास का अडवलात?"

मला आई आठवली. ती अशीच वाकायची, पाठ पाटासारखी सपाट. मीही पूर्वी तशीच वाकत असणार, नाहीतर तेव्हा का दुखलं नसतं? बाईंनी चार महिने मागितले. मी त्याच दिवशी नाव घातलं. जिमवाल्याचे आरसे मोठे होते खरे, पण वाकताना माझं काय चुकतं ते त्यानं पाहिलंच नाही. निवड माझी होती आणि ती बरोबर होती, हे मी आजही सांगते.

चार महिन्यांत दोनदाच खाडा झाला.

तर त्या दिवशी मी चहाला बसले नाही. वहिनीच्या शेजारची पात घेतली. पहिला तास तिचं अर्धं लक्ष माझ्याकडे. दुपारी भाकरी खाऊन परत उतरलो तेव्हा तिचे हात मंदावले, दोनदा ती उभी राहिली. मी थांबले नाही. पलीकडच्या बाईला डोळा घातला आणि आम्ही दोघींनी वहिनीच्या मागची जागा रोवून टाकली.

"अवो बाई! मलेच कोंडता का?"

"हात द्या वहिनी. चहाले चला."

सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली. संध्याकाळी हात धुताना मात्र हळूच म्हणाली, "त्या चटईवर काय शिकवतेत, मले बी दाखवा."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी ओसरीत दोन पोती अंथरली. मांड्या भरून आल्या होत्या, कंबर ठीक होती. वहिनीला एका पोत्यावर झोपवलं, गुडघे वाकवायला सांगितले, श्वास अडवू नका म्हणून दोनदा दटावलं. मग दोघी पेंढ्या डोक्यावर घेऊन बांधीकडे गेलो.