अंधारात गुंडाळलेल्या दोन नळ्या: पुणे, निपाणी, बेळगाव

पुण्यात आमच्या प्रयोगशाळेला दुरुस्तीसाठी कुलूप लागलं तेव्हा माझ्याकडे जेमतेम दोन नळ्या, म्हणजे दोन प्रयोगांपुरतं रसायन उरलं होतं. ते बनवायला तीन वर्षं गेली होती, आणि ठेवून ठेवलं तर ते आपोआप खराब होणार होतं. बेळगावला एका कॉलेजात शिकवणाऱ्या मैत्रिणीकडे मला हवा तो अतिनील दिवा होता. ती स्वतः बाळंतपणाच्या रजेवर होती, पण म्हणाली, "आप्पा आहेत, ते सगळं बघतील." म्हणून मी बेळगावला गेले. फिरायला म्हणून गेले असते तर हा ब्लॉग जास्त रंगला असता, हे मला मान्य आहे.

रसायन काय ते आधी सांगून टाकते. जिवाणूच्या अंगावर साखर आत घेणारी प्रथिनं असतात. प्रत्येक साखरेला वेगळं दार असतं म्हणा. मी दुधातल्या साखरेला छोटं लेबल जोडलं होतं. अंधारात ते गप्प बसतं आणि जिवाणूला वाटतं साखरच आली. साखर दारात शिरली की वरून अतिनील प्रकाश टाकायचा. लेबल जागं होतं आणि शेजारी जे असेल त्याला कायमचं चिकटतं. मग त्याला एक चमकणारा रंग जोडून बघायचं, चिकटलं कुठे; चिकटलं असेल तर यंत्राच्या चित्रात तिथे चमकती पट्टी दिसते. चिकटण्याची संधी एकदाच मिळते. वाटेत उजेड लागला तर सगळं फुकट. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण या दोन नळ्यांवर अडलं होतं, आणि सहा वर्षांनंतर मला तो प्रबंध फक्त संपवायचा होता.

बेळगावजवळ सांबऱ्याला विमानतळ आहे, पण फॉइलमध्ये गुंडाळून काळ्या कापडात बांधलेली नळी सुरक्षा तपासणीत समजावून सांगायची माझी हिंमत नव्हती. पहाटेची बस घेतली. तिकीट पाचशेच्या थोडं वर. हमरस्त्याचं काम जागोजागी चालू आहे, त्यामुळे कऱ्हाडच्या पुढे दर दहा मिनिटांनी बस सेवारस्त्यावर उतरते आणि पाठीचा कणा तपासून घेते. तुम्ही जाणार असाल तर मागची सीट घेऊ नका. मी घेतली होती.

निपाणीला बस अर्धा तास थांबली. नळ्या ठेवलेल्या डब्यातला बर्फ वितळला होता. स्टँडसमोरच्या सरबतवाल्याकडे बर्फ मागितला तर तिथे बसलेल्या एका मावशी डब्याकडे बघून म्हणाल्या, "आक्का, इंजेक्शन हाय व्हय त्यात? कोण आजारी हाय?"

"कोणी नाही. प्रयोगाचं सामान आहे."

"मग येवढं जिवाला धरून का बसलीयासा?"

याचं उत्तर बसच्या वेळात मावणारं नव्हतं. मी हसले आणि मिसळ खाल्ली. तिखट होती, चांगली होती, आणि पुढे तवंदी घाट चढताना तिचा पश्चात्ताप झाला. बेळगावला पोचायला दुपारचे दोन वाजले. खासबागेत एक स्वच्छ, साधा लॉज मिळाला. खिडकी रिक्षास्टँडवर उघडते, झोपेची आशा ठेवू नये.

आप्पा कॉलेजच्या फाटकाशी उभे होते. पिरनवाडीचे, साठीला टेकलेले, तीस वर्षं त्याच प्रयोगशाळेत मदतनीस. त्यांनी आधी पाणी दिलं, मग चहा, मग डब्यातली घरची चपाती. जिवाणू वाढवून तयार ठेवले होते. "बगा आक्का, कसं दाट झालंय," म्हणून त्यांनी चंबू उजेडात धरला. ताकासारखं गढूळ पाणी, खरंच देखणं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी खिडक्यांना कागद लावले, मंद लाल दिवा लावला आणि पहिली नळी उघडली. तिचे दोन भाग केले: एकात जिवाणू आणि लेबलवाली साखर, दुसऱ्यात तेच, पण सोबत साधी, म्हणजे बिनलेबलाची तीच साखर भरपूर. साध्या साखरेनं सगळी दारं अडवली की लेबलला जागा उरत नाही, आणि पट्टी पुसट होते. ती पुसट झाली तरच म्हणता येतं की लेबल खरोखर दारात बसलं होतं.

संध्याकाळी पाचला यंत्रानं चित्र दिलं. पट्टी पुसट होण्याचा प्रश्नच नव्हता, कारण पट्टीच नव्हती. दोन्हीकडे कोरं.

मी स्टुलावर बसून राहिले. रडूही आलं नाही, इतकी दमले होते. वाटलं, निपाणीत बर्फ भरताना कुठेतरी फट राहिली असणार, उजेड गेला आणि तीन वर्षं गेली. आप्पा शेजारी येऊन उभे राहिले.

"न्हाय आलं व्हय?"

"नाही. आप्पा, तुम्ही जिवाणूंना नक्की काय काय घातलं होतंत?"

"तुमी फोनवर सांगितल्यागत दुधातली साखर घातलो की. वर दोन चमचं ग्लुकोज बी घातलो."

"ग्लुकोज?"

"पोरांच्या प्रॅक्टिकलला दरवर्षी घालतोय न्हवं. त्याबिगर दाट होत न्हाय. म्हटलं, पुण्यासनं येवढ्या लांबनं आलाय तुमी, कमी पडाय नको."

दुधातली साखर मिळाली की हे जिवाणू तिचं दार बांधतात, पण ग्लुकोज समोर असलं की दुसऱ्या साखरेचं दार बांधायच्या फंदात पडत नाहीत. ताटात श्रीखंड असताना भाकरी कोण मागतं? आप्पांनी त्यांना इतकं प्रेमानं पोसलं की माझं दार त्यांनी बांधलंच नाही. लेबल कदाचित अजून जिवंत होतं. पण मला त्या क्षणी सुटका नाही, फक्त राग जाणवला.

"आप्पा, विचारायचं तरी. आता एकच नळी आहे माझ्याकडे." आवाज चढला होता.

आप्पांनी चंबू धुतला, पालथा घातला आणि ते घरी गेले. मी माफी मागायला हवी होती. मागितली नाही.

बुधवार नवीन जिवाणू वाढण्यात गेला. बेळगावात बघण्यासारखं पुष्कळ आहे. मी दुपारपर्यंत झोपले, मग बाजारात जाऊन पाव किलो कुंदा आणला आणि निम्मा उभ्यानं खाल्ला. कुंदा ताजा घ्या, दुकानदाराला तसं स्पष्ट विचारा.

गुरुवारी तोच प्रयोग. या वेळी आप्पा प्रत्येक गोष्ट मला विचारून करत होते, पाणी ओतायलासुद्धा. ते बघवत नव्हतं. संध्याकाळी पट्टी आली, हवी तिथेच, आणि साध्या साखरेच्या बाजूला जवळजवळ नाहीशी. मी आप्पांना दाखवली. "बेस झालं," एवढंच म्हणाले. शुक्रवारी मला बसमध्ये बसवून दिलं, खिडकीतून केळी दिली.

घरी येऊन दोन दिवस नुसती पडून होते. सोमवारी माझ्या मार्गदर्शक सरांना चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला. "चांगलंय. पण ज्या जिवाणूत हे प्रथिनच नाही, त्याला हेच लेबल लावलंस तर तिथे पट्टी येत नाही, हे कुठाय? त्याशिवाय परीक्षक म्हणणार, ही पट्टी दुसऱ्याच कशाची असेल."

"लेबल संपलं, सर."

"मग परत बनवावं लागेल."

परत म्हणजे आणखी वर्ष. मी मान हलवली, घरी आले, पिशवीतले मळके कपडे यंत्रात टाकले, आणि ते फिरताना बघत असताना मंगळवारचं कोरं चित्र डोळ्यांसमोर आलं. तीच जात, गुरुवारी चाललेलं तेच लेबल, तोच दिवा. फक्त दार नसलेले जिवाणू. सरांनी मागितलेला प्रयोग आधीच झाला होता. जो मी आठवणीनं करायला हवा होता, तो आप्पांनी नकळत करून ठेवला होता. सरांना फोन केला. ते म्हणाले, "लिहून टाक. ग्लुकोज कसं गेलं तेही खरंखुरं लिही."

लगेच आप्पांना फोन लावला. त्या दिवशी ओरडले त्याची माफी मागितली. सांगितलं की त्यांचं ग्लुकोज नसतं तर माझं प्रकरण वर्षभर रखडलं असतं.

"समजूत घालालाय व्हय आक्का," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. चुकलं ते चुकलं."

मी पुन्हा सांगितलं, सावकाश. दाराचं, श्रीखंडाचं, सगळं. ते हं हं करत होते. शेवटी, प्रबंधाच्या आभारांत घालायला म्हणून, म्हटलं, "आप्पा, मला तुमचं पूर्ण नाव हवंय. पुस्तकात छापायचंय."

पलीकडे घसा खाकरल्याचं ऐकू आलं.

"कुणाच्या हातनं चुकलं ते लिवायला लागतंय न्हवं," ते म्हणाले. "लिवा मग. तुमच्यावर यायला नको." आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी आपलं नाव, वडलांचं नाव आणि आडनाव, मला नीट लिहून घेता यावं म्हणून, दोनदा सांगितलं.