ओठ न लावता

इस्पितळातून फोन आला तेव्हा मी फिल्टरमध्ये कॉफीची पूड दाबत होते. अण्णा गेला, असं पलीकडची नर्स तमिळमध्ये सांगत होती आणि मी "सेरी, सेरी" म्हणत होते, गॅसवाला उद्या येतो म्हणाल्यावर म्हणतात तसं. फोन ठेवला. पुडीवर उकळतं पाणी ओतलं, झाकण लावलं, आणि मग रिक्षा बोलावली. त्याला आता काही आठवडे झाले. रडू अजून आलेलं नाही. लोक म्हणतात, येईल. येईल तेव्हा येईल...

अण्णा माझा थोरला भाऊ. आवडी नावाच्या गावातल्या कारखान्यात कारकुनी करून निवृत्त झाला, लग्न केलं नाही. माझे यजमान गेल्यावर मी अंबत्तूरला त्याच्याकडे राहायला आले. आम्ही तंजावरकडचे मराठी. पुण्याचे पाहुणे आमचं बोलणं ऐकून गालात हसतात, पण कॉफीला बसले की फजिती त्यांची होते. आमच्या घरात टंबलरला ओठ लावायचा नाही. स्टीलचा तो उभा पेला वर धरायचा, मान मागे टाकायची आणि धार थेट तोंडात सोडायची. ओठ लागला की उष्टं. प्रत्येकाच्या टंबलरवर ज्याचं त्याचं नाव कोरलेलं, तरीही. अण्णा याबाबतीत महाकडक. एका पाहुण्याने ओठ लावला तर त्याने तो टंबलर चिंचेने घासला, तोही पाहुण्यादेखत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

त्याच अण्णाच्या शर्टावर एके सकाळी कॉफी सांडली. मग रोजच सांडू लागली. हात तोंडाच्या आसपास पोचायचा, तोंडाशी नाही. पुढे चालताना तोल जायला लागला, जीभ जड झाली. काय झालंय हे आम्हाला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. वडिलांनाही हेच होतं. डोक्याच्या मागच्या बाजूला असलेला लहान मेंदू हळूहळू झिजतो. गल्लीने वडिलांना दारुडा ठरवलं होतं, आणि त्या माणसाने जन्मात थेंब घेतला नव्हता. हे दुखणं आमच्या रक्तातून उतरतं. मला अजून काही नाही. त्यातला 'अजून' आमच्या घरात कुणी मोठ्याने म्हणत नसे.

औषध नाही म्हणतानाच एका इस्पितळात चुंबकाचा प्रयोग चालू असल्याचं कळलं. तिथल्या डॉक्टर सुधा वयाने माझ्या मुलीसारख्या, पण समजावून सांगण्यात पटाईत. लहान मेंदूतल्या पेशी हातापायांना लगाम घालतात, त्या ढिल्या पडल्या की हात भरकटतो. मानेच्या वर, डोक्याला चुंबकाचं वेटोळं धरून ठोके दिले तर त्या पेशींचं काम बदलतं, पण किती, आणि ते टिकतं का, हेच त्यांना पाहायचं होतं. एक गोष्ट त्यांनी आधीच सांगितली. काहीजणांना खरे ठोके मिळणार, काहीजणांना नुसता आवाज. कुणाला काय, हे शेवटपर्यंत कुणालाच कळणार नाही, त्यांनाही नाही. अण्णाने सही केली. सही ओळीच्या बाहेर गेली.

मग आमच्या लोकलच्या फेऱ्या सुरू झाल्या. इस्पितळातल्या बाकावर तांबरमचे एक गृहस्थ भेटायचे. त्यांच्याबद्दल अण्णा परतीच्या गाडीत म्हणाला, "त्यांची मान प्रत्येक ठोक्याला उडते म्हणे. दातही वाजतात."

"आणि तुझी?"

"आपल्या घराण्याची मान ताठ गे, रुक्कू. अशी उडेल होय?"

मी हसले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

आणि काही आठवड्यांनी खरंच शर्ट कोरडा राहिला! दुसऱ्या दिवशीही. मी देवापुढे दिवा लावला, पायसम केलं. अण्णाची एकच अट होती. "कॉफी ठेव आणि ओट्याकडे जा. तू बघत बसलीस की हात बावरतो." मी पाठ करून उभी राहायची, वळून बघायची तर टंबलर रिकामा आणि शर्ट पांढराशुभ्र. चालणं काही सुधारलं नव्हतं, पण मी म्हटलं, हाताने सुरुवात झाली. त्या दिवसांत त्याचे ओठ फार फुटले होते. उन्हाळा आहे म्हणाला. मी तूप लावायला दिलं.

पुढे तो पडला, मग घास श्वासनलिकेत जायला लागला, मग न्यूमोनिया. ते दिवस मला नीट आठवत नाहीत.

परवा डॉक्टर सुधा भेटायला आल्या. प्रयोग संपला होता, कुणाला काय मिळालं ते उघड झालं होतं. खरे ठोके मिळालेल्यांत थोडा फरक दिसतोय, पण छातीठोक सांगता येत नाही, म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "अण्णांना नुसता आवाज मिळाला, अम्मा."

"कसं शक्य आहे? त्याचा शर्ट कोरडा राहायचा."

त्या गोंधळल्या. "ते ओठ लावून प्यायचे ना? आमच्या कँटीनमध्ये दोन्ही हातांत धरून प्यायचे. घरी सांगू नका म्हणायचे. मला वाटलं, सोवळ्याओवळ्याचं काही असेल."

त्या निघताना दारात म्हणाल्या, "एकदा त्यांनी विचारलं होतं, नुसता आवाज ऐकणाऱ्यांचा काही उपयोग असतो का? मी म्हटलं, त्यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय काहीच कळत नाही. तेव्हा म्हणाले, मग येत राहतो. घरात अजून एकजण आहे."

त्या गेल्यावर मी कॉफी केली. अण्णाचा टंबलर फळीवर होता तसाच आहे, त्याच्या नावाचा. त्यात ओतली, वर धरली, धार सोडली. एक थेंब सांडला नाही. मग आयुष्यात पहिल्यांदा टंबलरला ओठ लावला आणि चर्रकन भाजलं. वरून पिणाऱ्याला कधी कळतच नाही, स्टीलची कड किती तापते ते. निवेपर्यंत थांबायला त्याला सवड नव्हती, मी वळायच्या आत संपवायची होती. मी दोन हातांच्या अंतरावर उभी, पाठ करून, आणि तो रोज ओठ भाजून घेत होता. मला आशा वाटावी म्हणून...

आता सकाळची कॉफी मी त्याच टंबलरमधून पिते. ओठ लावून, आणि गरमच.