उखाण्यातले नाव

पोलीस ॲक्शननंतर तिसऱ्या वर्षी करमाडहून ती आमच्या घरात सून म्हणून आली, आणि पुढच्या पन्नास वर्षांत उखाण्याखेरीज तिने माझे नाव कधी उच्चारले नाही. पतीचे नाव घेतल्याने त्याचे आयुष्य उणे होते, अशी तिची श्रद्धा होती.

मी पाठशाळेत सांख्य शिकवीत असे. मन हेही जडच, चेतन तो केवळ पुरुष, म्हणजे आत्मा, हे सांगताना माझा दृष्टान्त ठरलेला असे. मन म्हणजे कंदिलाची काच. ती उजळते, पण उजेड तिचा नव्हे. काच काळवंडली म्हणून ज्योतीचे काही बिघडत नाही. किती निश्चिंतपणे मी हे सांगत असे!

मग तिला विसर पडू लागला. एके दिवशी तिने निरांजनात तुपाऐवजी पाणी घातले, आणि वात लागेना म्हणून रडू लागली. मी तिला गारखेड्याच्या दवाखान्यात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी वार, महिना विचारला आणि मग त्या म्हणाल्या, "आजी, आजोबांचं नाव काय?"

तिने पदर सावरला आणि मान खाली घातली. बाईंनी कागदावर फुली मारली.

"फुली मारू नका," मी म्हणालो. "आमच्याकडे बायका नाव घेत नाहीत."

"म्हणजे आठवतंय, पण सांगत नाहीत?"

"तसेच असावे."

"असावे, की आहे?" त्या हसल्या. "आजोबा, कॉपी पुरवू नका हं! घरी उखाणा घ्यायला लावा. नाव आलं, तर फुली खोडते मी."

जन्मभर इतरांच्या शंका फेडल्या, ही मात्र माझीच होती. तिच्या मौनात मर्यादा होती की विस्मृती, हे खुर्चीला खुर्ची लावून बसूनही मला कळत नव्हते.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपल्यावर मी हळदीकुंकवाचा करंडा तिच्यापुढे ठेवला. "एक उखाणा घे ना."

ती लाजली. मग लग्नात घेतलेला उखाणाच तिने म्हटला, कुठेही न अडखळता; आणि शेवटी माझे नाव, अगदी स्वच्छ. माझे डोळे भरून आले. आजच्या आज दवाखान्यात जाऊन ती फुली खोडवून घ्यायची, असे मी ठरवीत होतो, तोच ती पुढे झुकली.

"पाहुणे, बाहेर कुठं बोलू नका हं. ह्यांना कळलं तर लई रागावतील."

"कोणाला?"

"आमच्या ह्यांना. पाठशाळेत गेलेत, येतीलच इतक्यात. बसा तुम्ही, पाणी आणते."

नाव तिच्या जिभेवर होते. ज्याचे नाव, तो मात्र तिच्यासमोर नव्हता. ज्योत असेलच, शास्त्र खोटे नव्हे. पण मी काचेच्या अलीकडे होतो, आणि ती काच पुसण्याची विद्या मला कोणी शिकवली नव्हती.

तिने तांब्या-भांडे आणून ठेवले. मी पाणी प्यालो, आणि तिच्याबरोबर दाराकडे पाहत बसलो.