कललेली रायफल

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बाबांनाही नाही — ज्यांच्या चळवळीच्या पत्रकांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकले, आणि पुढे स्वतःही पत्रकं लिहू लागले.

कॉलेजचं नेमबाजीचं शिबिर उरणजवळ होतं. संघात एकच मुलगी जाणार होती आणि शेवटी उरलो होतो दोघी: मी आणि माझी मैत्रीण हर्षाली, कोळीवाड्यातली. तिचा हात माझ्याहून स्थिर. तरी तिच्या गोळ्या सारख्या उजवीकडे, जराशा खाली. का?

ते मला कळलं त्या सकाळी — काय सांगू, अंगावर काटा आला! दस्त्याला गाल टेकवताना ती मान कलवायची आणि मानेबरोबर रायफलही उजवीकडे कलायची. गोळी वाटेत खाली येते, म्हणून नळी नजरेच्या रेषेहून किंचित वर रोखलेली असते. रायफल कलली की तो वरचा रोखच उजवीकडे वळतो — गोळी उजवीकडे जाणार, आणि उंची कमी पडल्यामुळे थोडी खालीही! मी मुद्दाम कलवून पाहिलं. उजवीकडे, खाली. मग डाव्या अंगाला कलवली — डावीकडे, खाली! पन्नास मीटरवरच्या कागदाला निसर्गाचा नियम भोकं पाडत होता आणि तो मला सापडला होता. कुणाला सांगू असं झालं.

तेवढ्यात हर्षालीच आली. "माजी गोली सारखी उजवीकरंच का जाते गो? तुज्या पत्रकांत हाय का याचा उत्तर?"

उत्तर जिभेवर होतं. आणि मी — मी म्हणाले, "ट्रिगर झटक्यानं ओढतेस तू."

भीती होती का? नाही. मला जायचं होतं. एवढंच.

निवड होईपर्यंत ती रिकाम्या रायफलीच्या ट्रिगरवर बोट सावकाश दाबत राहिली. मी शेजारी बसून म्हणत होते, जमतंय, जमतंय. हेही केलं मी.

निवड माझी झाली.

त्याच महिन्यात मी पत्रक लिहिलं: ज्ञान दडवणं ही चोरी आहे. त्वेषानं लिहिलं, खरं मानून लिहिलं — आजही मानते. वाटायला हर्षाली माझ्याबरोबर मांडव्याच्या जेट्टीवर आली. बोटीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला पत्रक देताना ती सांगत होती, "माज्या मैत्रिणीनं लिवलंय." मान तशीच, उजवीकडे कललेली.

मी पुढच्या गठ्ठ्याची दोरी सोडली आणि तो तिच्या हातात दिला.