सरांच्या डोळ्यांतली खोट

उंदरांना अहो-जाहो करणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच असावा, आणि सत्तरच्या दशकात आमच्या तालुक्याच्या कॉलेजात मी त्याच्याच हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर होतो. प्राणिशास्त्राच्या या सरांना बसलेले कुणी पाहिले नव्हते. वर्गात ते फळ्यापासून दारापर्यंत येरझारा घालत शिकवत, चहाही खिडकीशी उभ्यानेच घेत. कपाशीवर मारायच्या पावडरीने जिवाच्या पेशींतले गुणसूत्रांचे धागे तुटतात का, हा एकच प्रश्न त्यांना बसू देत नव्हता. एका पिंजऱ्यातल्या पांढऱ्या उंदरांना ते ती पावडर देत, दुसऱ्यातल्यांना मुळीच नाही. मग दोन्हींच्या हाडांतला मगज काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली तुटके धागे मोजत. त्याआधी "बाई, रागावू नका" म्हणून प्रत्येक उंदरिणीची माफी मागत. मोजताना आपल्याच मनाने लबाडी करू नये म्हणून कुठली काच कुठल्या पिंजऱ्याची, याच्या चिठ्ठ्या ते बायकोच्या तिखटमिठाच्या डब्यात ठेवायला देत. आमच्या शास्त्राला त्यामुळे कायम हळदीचा वास येई.

एका उन्हाळ्यात उंदरांचा खुराक संपला. मी कामरगावहून घरची ज्वारी आणली आणि दोन्ही पिंजऱ्यांत घातली. सरांनी खूश होऊन वहीत माझे आभार लिहिले.

मोजणी संपली, चिठ्ठ्या उघडल्या, तर तुटके धागे दोन्हीकडे सारखेच, पावडर न दिलेल्यांतही तितकेच भरपूर. सरांनी तीनदा मोजले. चष्मा बदलून मोजले. शेवटी सूक्ष्मदर्शकावर फडके टाकून म्हणाले, "माह्या डोयातच खोट हाय. मले जे पाह्यचं हाय, तेच दिसून राह्यलं."

संक्रांतीला घरी गेलो, तर आई कोठीतल्या नव्या ज्वारीत हाताने तीच पावडर कालवत होती. मला थिजलेला पाहून म्हणाली, "काहून असा पाहून राह्यला? किडीसाठी दरसालच टाकतो. धुऊनच तं खातो आपण."

उंदरांची ज्वारी मी धुतली नव्हती.

सांगायचेच, म्हणून तडक परतलो. सर म्हणाले, "ये. बाकीचे मले येडा म्हणतेत. तू एकटा इमानदार निंगाला." त्या शब्दाने माझे तोंड शिवले गेले. आज सांगतो, उद्या सांगतो, करता करता सरांनी नोकरीच सोडली.

जऊळक्याच्या स्टेशनावर मी त्यांना पोचवायला गेलो. गाडीला तासभर उशीर होता. तो सगळा तास सर बाकावर, हात मांडीवर ठेवून, शांत बसून होते. त्यांना उठवायला माझे एक वाक्य पुरले असते.