भिजलेल्या भिंती

"पृथ्वीला घाई नाही, सर. आपल्यालाच आहे."

आमच्या कॉलेजातल्या भूगोलाच्या मॅडम हे वाक्य कशालाही लावायच्या. संगमनेरच्या स्टँडवर एसटी लागली नाही, पगार लांबला, प्राचार्यांची मीटिंग जेवणाची सुट्टी खाऊन पुढे सरकली, की त्या चष्मा कपाळावर चढवायच्या, खुर्चीत मागे रेलायच्या आणि हे वाक्य यायचं. मी मराठी शिकवायचो. माझ्या विषयात सगळ्यांनाच घाई, प्रेमात पडायची आणि मरायचीसुद्धा. मला त्यांचा हेवा वाटायचा.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. समोर चहाचा कप असतो आणि नजर कुठल्या तरी फार जुन्या काळात. मॅडम मुलांना प्रवरेच्या काठावर सहलीला न्यायच्या. डबे उघडले की समोरच्या दरडीकडे बोट दाखवायच्या. "तो गोट्यांचा थर दिसतो ना? अशा थरांत पाणघोड्यांची हाडं सापडतात. आपल्या नद्यांत पाणघोडे डुंबायचे."

"मग गेले कुठं, मॅडम?"

"हवा बदलली. गेले."

शेजारचे भाडेकरू घर सोडून गेल्यासारखं सांगायच्या. मुलं हसायची. "आपणही जाऊ," त्या म्हणायच्या, "पण सावकाश," आणि लोणच्याची फोड शोधायला लागायच्या.

एका हिवाळ्यात तालुक्याच्या पठारभागातल्या एका गावात जमिनीखालून आवाज यायला लागले. आधी घुमल्यासारखं व्हायचं, मग भांडी वाजायची. पेपरात 'गूढ आवाज' असं छापून आलं. लोकांनी घरं सोडली, शेतात ताडपत्र्या बांधल्या आणि थंडीत कुडकुडत तिथं झोपायला लागले. गावचा सरपंच मॅडमचा जुना विद्यार्थी. त्यानं फोन केला, "मॅडम, तुम्ही सांगितलं तर लोक ऐकतील." माझ्या गाडीतून आम्ही दोघं गेलो.

ताडपत्रीखाली चांगुणाबाई बसल्या होत्या. वय झालेलं, अंगावर गोधडी, नजर मात्र लखलखीत. त्यांनीच सगळ्यांच्या वतीनं विचारलं, "बाई, खाली काय हाय?"

"खाली खडक आहे, आजी. कधीकाळी तो तापलेला रस होता, मग थिजला. अजून मधूनच कूस बदलतो."

"मंग आमी काय करावं?"

"घरात झोपा. हे धक्के लहान आहेत. या भिंतींना काही होत नाही." मॅडमनी उठून शेताच्या कडेलाच असलेल्या चांगुणाबाईंच्या घराच्या भिंतीवर थाप मारली. दगडमातीची रुंद भिंत, वर मातीचं धाबं. थाप मारल्यावर हातच दुखला असेल.

चहा आला. कप हातात असतानाच जमीन घुमली. वर टांगलेला कंदील हलला, कुत्री भुंकली. सगळे मॅडमकडे बघायला लागले. मॅडमनी कप तोंडाला लावला आणि सावकाश घोट घेतला. माझ्या कपातला अर्धा चहा बशीत सांडला होता.

दिवस मावळायच्या आत चांगुणाबाईंनी आपली गोधडी उचलून घरात नेली. त्यांचं बघून बाकीचे निघाले. परतताना मॅडम खुशीत होत्या. "भीती काढता आली पाहिजे, सर. निम्मं शिक्षण तेच."

पुढे काय झालं ते सांगायला मला आजही जड जातं.

पठार म्हणजे कोरडा मुलूख. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारा. तिथली घरं त्या कोरड्या हवेच्या भरवशावर बांधलेली. पण पुढच्या वर्षी दिवाळी झाली तरी ढग हटेनात. कांद्याची रोपं कुजली. अख्ख्या महिन्याचा पाऊस एका दुपारी कोसळायचा, पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. धाब्यांतून पाणी झिरपलं, भिंतींनी ते पोटात घेतलं. आणि एका सकाळी एक धक्का बसला. लहानसाच. एरवी कुणाची झोपही मोडली नसती. चांगुणाबाई चुलीपाशी चहा करत होत्या. मागची भिंत त्यांच्यावर आली.

दहाव्याला आम्ही गेलो. त्यांचा मुलगा बाळू मॅडमना बघून उठून पुढे आला. "म्याडम, तुमी मनाला लावून घेऊ नका. भिंत जुनी हुती. तिची वेळ भरली हुती." त्याचे ते समजुतीचे शब्द मॅडमना सोसवेनात. त्यांनी मान खाली घातली.

सून मंदा पाण्याचा तांब्या घेऊन आली. "आत्याबाई भाईरच झोपत हुत्या," ती म्हणाली. "तुमी म्हनला म्हून आत गेल्या." आवाजात राग नव्हता. झालं ते तिनं सांगितलं, एवढंच. मॅडमनी तिच्या हातून पाणी घेतलं आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं.

आम्ही घाट उतरलो. मग त्या म्हणाल्या, "मी जमिनीचा विचार केला, सर. पावसाचा केलाच नाही. पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही, हे मीच वर्गात शिकवते. दोन्ही माझेच विषय. एक पहिल्या सत्राला, एक दुसऱ्या सत्राला."

त्या दिवसापासून त्यांचं ते आवडतं वाक्य बंद झालं. स्टाफरूममध्ये त्या समोर पाण्यानं भरलेला स्टीलचा पेला ठेवायच्या. प्यायच्या नाहीत, त्याच्याकडे बघत बसायच्या. पाण्यावर बारीक तरंग उठला की विचारायच्या, "सर, हललं का?"

"ट्रक गेला, मॅडम. नाशिकचा रस्ता आहे."

"हो का," म्हणायच्या. पण पटलेलं नसायचं. नवी मुलं त्यांना हसायला लागली. मलाही कधी कधी हसू यायचं, आणि मग रात्री जेवताना माझ्याच भांड्यातल्या पाण्याकडे लक्ष जायचं.

त्या दर शनिवारी पठारावर जायला लागल्या. निवृत्त झाल्यावरही. गळ्यात पिशवी, पायात कापडी बूट. घराघरात जाऊन भिंतीवर तळवा टेकवायच्या, आईनं तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. "ओल आहे. आज इथं झोपू नका." लोक आधी मानानं ऐकायचे, मग कंटाळले. पूर्वी गाव भ्यायचं आणि मॅडम चहा प्यायच्या. आता गाव चहा प्यायचं आणि मॅडम भ्यायच्या. पोरांनी त्यांचं नाव 'ओली बाई' ठेवलं. त्यांच्या कानावर आलं तेव्हा म्हणाल्या, "बरं आहे. नावातच सूचना आली."

एकदा भर पावसात मी त्यांच्याबरोबर होतो. मॅडम दारोदार फिरून लोकांना शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये चला म्हणून विनवत होत्या. बाळूचं बिऱ्हाड त्याच घराच्या उरलेल्या खणांत राहत होतं. मंदा उंबऱ्यात उभी राहिली. "आता भाईर या म्हनता? तवा आत जा म्हनला हुता."

पागोळ्या मॅडमच्या डोक्यावर पडत होत्या. त्या हलल्या नाहीत. "हो, म्हणाले होते. चुकले तेव्हा. आज या."

मंदा उंबऱ्यातून वळली. मग आत जाऊन तिनं पोरीला उचललं, डोक्यावर पोतं घेतलं आणि बाहेर आली.

त्या दिवशी काहीच पडलं नाही. पाऊस उघडला, भिंती जागच्या जागी. लोक अंथरुणं उचलून जाताना मॅडमना ऐकू जाईल असं हसले. मॅडमही हसल्या, त्यांच्याहून जास्त. कितीतरी दिवसांनी त्यांचे दात दिसले. "पडली नाही ना? मग झालं तर."

गेल्या वर्षी त्या आजारी पडल्या. शेवटचे दिवस दवाखान्यात होत्या. मी भेटायला गेलो की ओळखायच्या, पण नजर सलाइनच्या बाटलीवर. "सर, हलतेय."

"पंखा आहे, मॅडम."

"बंद करा."

मी पंखा बंद केला. बाटली स्थिर झाली. त्या बघत राहिल्या, खात्री झाली तसे डोळे मिटले. उकाड्यात मी तसाच बसून राहिलो. दोन-तीन दिवसांनी त्या गेल्या.

यंदा वैशाखातच पाऊस लागला. ऐन उन्हाचे दिवस, आणि आभाळ खाली उतरलेलं. का कोण जाणे, मी गाडी काढली आणि पठारावर गेलो. गावात कुणी दिसेना. दारं ओढून घेतलेली. शाळेच्या शेडमध्ये सगळे बसले होते, गोधड्या, शेळ्या, पोरंबाळं घेऊन. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. मंदानं सरकून पोत्यावर जागा केली. "बसा, सर. भिंती भिजल्यात."

मॅडमचं नाव कुणी काढलं नाही. स्टोव्हवर चहा उकळत होता.

दुपार कलता कलता खालून तो आवाज आला. पत्रा थरथरला, शेळ्या उठून उभ्या राहिल्या. पलीकडे, पावसाच्या पडद्याआड, बाळूच्या घराची बाजूची भिंत आधी पोटातून फुगली आणि मग थकलेलं माणूस बसावं तशी खाली बसली. मागून धाबं आलं. पावसात फारसा आवाजही झाला नाही.

बाळू उठला आणि तसाच उभा राहिला. मंदानं पोरीला छातीशी घट्ट धरलं होतं.

"आत कुनी न्हाई," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "आत कुनी न्हाई." चहा उतू गेला तरी ती तेच म्हणत होती.