निळा दोरा

दुपारचं ऊन कोपऱ्यातल्या तंबोऱ्यावर आलं आणि तारांखालचे दोरे मला निळे दिसले. या दोऱ्यांनी तारेचा आवाज खुलतो. माझी बायको आयुष्यभर गाणं शिकवत होती. पांढऱ्या सुताशिवाय दुसरं काही तिने तिथे सरकवलेलं मी पाहिलं नव्हतं. तिला जाऊन तीन आठवडे झाले होते. तिचा शेवटचा हात त्यावर तसाच राहावा म्हणून मी तंबोऱ्याला कुणाला शिवू दिलं नव्हतं.

संशय मेधावर गेला. ही तिची विद्यार्थिनी. माझी विचारपूस करायला येते, पण बघते तंबोऱ्याकडे.

संध्याकाळी ती आल्यावर मी विचारलं, "दोरा तू बदललास?"

"नाही हो काका. बाईंनीच. तुमच्या शर्टाचं बटण लावताना म्हणाल्या, हा घालून बघू या का?"

"या वयात?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाल्या, तुझ्या वयाची होईपर्यंत थांबू का?"

अंगातल्या शर्टाचं एक बटण निळ्या दोऱ्याने लावलेलं होतं. पण ते मेधालाही दिसत असणार. समजूत काढायला माणसं काहीही सांगतात. शिवाय, जिने सगळ्यांच्या शंका फेडल्या तिला स्वतःला काही विचारायचं उरलं असेल, हे मला पटेना.

"मग पडला का फरक?"

"ठरलं नाही. पुन्हा पांढरा घालून ऐकणार होत्या."

 मी शिवणाच्या डब्यातलं पांढरं सूत आणून मेधाच्या हातात दिलं.